कार्ड घरात, पैसे भलतीकडे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

कार्डावरून परस्पर पैसे गेले, आपल्या पॅनवर दुसऱ्यानेच कर्ज काढलं, अंगठा न देता आधारवरून पैसे निघाले, अशा तक्रारींची पत्रं या वेळी बरीच आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : शनिवारी रात्री साडेअकराला लागोपाठ तीन मेसेज आले. डेबिट कार्डावरून परदेशी वेबसाइटवर एकूण 38,400 रुपयांची खरेदी झाली होती. कार्ड कपाटातच होतं. ओटीपी आला नाही आणि मी कोणाला काही सांगितलंही नव्हतं. सोमवारी शाखेत गेलो, तर ‘कार्ड तुमच्याकडे, मग जबाबदारीही तुमची’ असं सांगून परत पाठवलं. – वाचक, सांगली

उत्तर : तोंडी उत्तर घेऊन घरी येऊ नका. अशा प्रकरणात जबाबदारी कोणाची, हे सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर आहे. रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात ते स्पष्ट लिहिलं आहे आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांनाही तसेच नियम लावले.

आधी ओटीपीचं. भारतातल्या ऑनलाइन खरेदीला ओटीपीसारखी दुसरी खात्री सक्तीची आहे. परदेशातला व्यापारी मात्र कार्ड क्रमांक, मुदतीची तारीख आणि मागचे तीन अंक एवढ्यावर पैसे घेऊ शकतो. हे तपशील आधी कधीतरी एखाद्या वेबसाइटवर भरलेले असतात आणि तिथून फुटतात. काही वेळा चोर संगणकावर कार्ड क्रमांकांच्या जोड्या करून, कोणता चालतो ते पाहतात. म्हणून ओटीपी आला नाही याचा अर्थ तुम्ही काहीतरी लपवताय असा होत नाही. उलट तो तुमच्या बाजूचा मुद्दा आहे.

आता बँकेला एक प्रश्न लेखी विचारा : माझ्या कार्डावर परदेशी व्यवहार कोणी, कधी आणि कुठल्या मार्गाने सुरू केले? 1 ऑक्टोबर 2020 पासून नव्याने दिलेलं किंवा बदलून दिलेलं कार्ड फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालेल अशा स्थितीतच ग्राहकाला द्यायचं असतं. ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून होणारे व्यवहार ग्राहकाने स्वतः सुरू करायचे. तुम्ही ते केले नसतील, तर बँकेकडे त्याची नोंद सापडणार नाही. आमच्या मते सगळ्या तक्रारीत हा प्रश्न सर्वांत वजनदार आहे आणि बहुतेक लोक तो विचारतच नाहीत.

दिवस कसे मोजायचे ते नीट पाहा. दोष ना तुमचा, ना बँकेचा, चोरी यंत्रणेत तिसरीकडेच झालेली, अशा वेळी बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमचं नुकसान शून्य. मेसेज आला तो दिवस धरायचा नाही, आणि कामकाजाचे दिवस तुमच्या शाखेच्या वेळापत्रकाप्रमाणे मोजायचे. तुमचा मेसेज शनिवारचा. रविवार सुट्टीचा. सोमवार पहिला दिवस, मध्ये सुट्टी नसेल तर बुधवार तिसरा. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर साध्या बचत खात्यावर जास्तीत जास्त 10,000 रुपयांचा भार तुमच्यावर येतो, मूलभूत (किमान शिल्लक न लागणाऱ्या) बचत खात्यावर 5,000, आणि पाच लाखांहून जास्त मर्यादेच्या क्रेडिट कार्डावर 25,000. सात दिवस उलटले की बँकेच्या संचालक मंडळाने ठरवलेलं धोरण लागू होतं. ते धोरण वेबसाइटवर असायला हवं, मागून घ्या. चूक बँकेचीच असेल तर मात्र तुम्ही कधी कळवलं याला महत्त्व नाही, नुकसान पूर्ण बँकेचं.

शाखा उघडायची वाट पाहायचीच नसते, हे पुढच्यासाठी. कळवण्याची सोय बँकेने चोवीस तास ठेवायची आहे : टोल-फ्री क्रमांक, ईमेल, वेबसाइटच्या पहिल्या पानावरचा दुवा, अगदी आलेल्या मेसेजला उत्तर देऊनसुद्धा. कळवल्यावर तक्रार क्रमांक मिळालाच पाहिजे. फोनवर बोललात तर क्रमांक, वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव टिपून ठेवा आणि लगेच तेच ईमेलने पाठवा.

आज शाखेत द्यायच्या अर्जात खाते क्रमांक, कार्डाचे शेवटचे चार अंक, तिन्ही व्यवहारांची रक्कम, वेळ आणि संदर्भ क्रमांक लिहा. मेसेजचे स्क्रीनशॉट आणि त्या काळाचा खातेउतारा जोडा. ‘हे व्यवहार मी केलेले नाहीत आणि कोणाला करायला सांगितलेले नाहीत’ हे वाक्य जसंच्या तसं घाला. त्या वेळी कार्ड आणि तुम्ही कुठे होता, तेही एका ओळीत लिहा. दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. शाखा घेत नसेल तर पोच असलेल्या रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा.

कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम खात्यात जमा दाखवायची आहे, तीही व्यवहाराच्या तारखेपासून धरून. चौकशी संपेपर्यंत ती वापरता येईलच असं नाही. निकाल 90 दिवसांत लागायला हवा. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ‘सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन’ या पत्त्यावर तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही. चौकशीसाठी 14448 हा क्रमांक आहे. पैसे पतसंस्थेत असतील तर लोकपालाचा उपयोग नाही. तिथे सहकार खात्याच्या निबंधकाकडेच जावं लागतं.

प्रश्न : व्हॉट्सअॅपवर ‘आरटीओ चलान’ नावाची फाइल आली. वडिलांनी उघडली. दोन तासांत खात्यातून चार वेळा पैसे गेले. एकदा फोनवर ओटीपीही सांगितला गेला. आता काहीच मिळणार नाही का? – वाचक, चिपळूण

उत्तर : अवघड आहे, पण ‘काहीच नाही’ हे खरं नाही.

ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून चार व्यवहारांच्या वेळा आणि तुमच्या पहिल्या फोनची वेळ एका कागदावर शेजारी शेजारी मांडा. तिसरा-चौथा व्यवहार फोननंतरचा निघाला, तर ते पैसे मागण्याचा तुमचा हक्क आहे. घाबरलेल्या घरात हा हिशोब कोणी करत नाही आणि बँक आपणहून करून देत नाही.

दुसरी वाट 1930 या क्रमांकाची. हा फोन लागला की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला लगेच सूचना जाते आणि तिथे शिल्लक असेल तेवढ्या रकमेवर होल्ड लागतो, म्हणजे ती काढता येत नाही. चोर ती रक्कम पाच-सहा खात्यांत पसरवून एटीएममधून काढतात, म्हणून पहिल्या तासाला फार किंमत. फोन करताना खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि यूपीआयचा बारा अंकी संदर्भ क्रमांक हाताशी ठेवा. त्यानंतर ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’वर तक्रार पूर्ण भरा आणि पोच क्रमांक जपून ठेवा. पुढे होल्डमधली रक्कम परत मिळवायला बहुधा कोर्टाचा आदेश लागतो, म्हणून पोलीस ठाण्यात गुन्ह्याची नोंद आवश्यक. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असं सांगितलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 चा हवाला द्या. हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते.

फाइलचं म्हणाल, तर तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरं असतील. ते चलान नसून अॅप असतं. उघडताना ते मेसेज वाचायची परवानगी मागतं आणि मग येणारा प्रत्येक ओटीपी चोराकडे वळवतं. म्हणून पासवर्ड बदलायचा तो त्या फोनवरून बदलू नका. आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका, वाय-फायही बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून नेट बँकिंग, यूपीआय आणि कार्ड थांबवा. मग फोटो आणि क्रमांक उतरवून घेऊन फोन फॅक्टरी रीसेट करा. पुराव्यासाठी त्या फाइलचा, पाठवणाऱ्याच्या क्रमांकाचा आणि त्या अॅपचा स्क्रीनशॉट रीसेटच्या आधी घ्यायला विसरू नका. शेवटी ##002# डायल करा, म्हणजे कोणी कॉल दुसरीकडे वळवून ठेवले असतील तर तेही रद्द होतील. ओटीपी कॉलवरूनही ऐकवला जातो.

आणखी एक गोष्ट वडिलांच्या खात्यात आजच पाहा : मुदत ठेव मोडली गेली आहे का, आणि ‘पूर्वमंजूर’ वैयक्तिक कर्ज उचललं गेलं आहे का. नेट बँकिंग हाती लागलं की चोर शिल्लक संपल्यावर तिकडे वळतात. कर्जाची रक्कम खात्यात जमा होऊन दोन मिनिटांत निघून गेलेली असते आणि घरच्यांना पहिला हप्ता कापला जातो तेव्हा कळतं. असं झालं असेल तर त्या कर्जाची हरकत वेगळ्या अर्जाने नोंदवा.

प्रश्न : गृहकर्जासाठी अर्ज केला तेव्हा कळलं की माझ्या पॅनवर एका अॅपवरून घेतलेली दोन छोटी कर्जं थकीत आहेत. मी ती घेतलेलीच नाहीत. – शिक्षिका, अहिल्यानगर

उत्तर : कार्डावरच्या चोरीपेक्षा ही जास्त चिवट, कारण इथे तुमच्या खात्यातून काही जात नाही आणि म्हणून मेसेजही येत नाही. पॅन-आधारच्या झेरॉक्स आपण सिमकार्डाच्या दुकानापासून लॉजच्या काउंटरपर्यंत सगळीकडे देतो. त्यातलीच एखादी प्रत, जोडीला दुसऱ्याचा मोबाइल क्रमांक आणि खातं, एवढ्यावर ही कर्जं उचलली जातात.

देशात पत माहिती ठेवणाऱ्या कंपन्या चार आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चारही काढा, कारण कर्ज एकीकडे दिसतं आणि दुसरीकडे दिसत नाही असं होतं. फक्त कर्जाचं पान पाहून थांबू नका. ‘चौकशा’ या भागात तुमचा अहवाल कोणी मागवला ते असतं आणि पुढच्या फसवणुकीची चाहूल तिथेच लागते. पत्ता आणि मोबाइल क्रमांकाच्या रकान्यात अनोळखी क्रमांक दिसला तर तो टिपा. कर्ज घेताना चोराने दिलेला तोच असतो आणि पोलिसांना त्याचा उपयोग होतो.

मग दोन्हीकडे एकदम लिहा. पत कंपनीच्या वेबसाइटवर त्या खात्याविरुद्ध वाद नोंदवा. कर्ज देणाऱ्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करून चार गोष्टी मागा : कर्जाचा करार, अर्जाच्या वेळचा फोटो किंवा व्हिडिओ, ज्या क्रमांकावर ओटीपी गेला तो क्रमांक, आणि कर्जाची रक्कम ज्या खात्यात जमा झाली त्याचा तपशील. ते खातं तुमचं नाही हे एकदा कागदावर आलं की वाद जवळजवळ संपतो. दुरुस्तीला 30 दिवसांची मुदत आहे. त्याहून उशीर झाला तर दर दिवसाला 100 रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल 2024 पासून लागू आहे. ती लेखी मागा.

वसुलीवाले ‘निदान हजार रुपये भरा, प्रकरण मिटवतो’ म्हणतील. एक रुपयाही भरू नका. भरलात तर कर्ज तुमचंच होतं असं म्हणायला त्यांना जागा मिळते. अहवालावर ‘तडजोड’ असा शेरा येतो तो वेगळाच, आणि गृहकर्ज देणारी बँक त्याकडेही वाईट नजरेने पाहते. पोलिसांत तक्रार देताना माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66सी सांगा, ते दुसऱ्याची ओळख चोरण्याचंच कलम आहे. प्राप्तिकराच्या पोर्टलवर वार्षिक माहिती विवरणही एकदा उघडून पाहा. तुमच्या पॅनवर कोणी मोठे व्यवहार केले असतील तर तिथे सापडतील.

यापुढे आधारची प्रत द्यायची तर पहिले आठ अंक झाकलेली द्या. ती आधारच्या वेबसाइटवरून उतरवता येते. झेरॉक्सवर तारीख आणि कशासाठी दिली ते मजकुरावरूनच आडवं लिहून सही करा, कोपऱ्यात नको. कोपरा कापून टाकता येतो.

प्रश्न : आईच्या खात्यातून आधारवरून 10,000 रुपये काढले गेले. ती गावाबाहेर गेलेलीच नाही. – वाचक, उमरगा

उत्तर : आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा, एवढ्यावर बँक मित्राच्या मशीनवर पैसे निघतात. ठसा कागदपत्रांवरून उचलून त्याचा रबरी साचा केल्याचे गुन्हे देशात उघडकीला आले आहेत. ‘माझा आधार’ पोर्टलवर किंवा एम-आधार अॅपमध्ये आधारच्या वापराचा मागच्या सहा महिन्यांचा इतिहास मिळतो, त्याची प्रत तक्रारीला जोडा. 2017 च्या परिपत्रकाचे दिवस इथेही मोजले जातात. आईच्या खात्याला मोबाइल क्रमांक जोडलेला नसेल तर आजच जोडा.

आधारच्या त्याच पोर्टलवर किंवा अॅपमध्ये बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक करून टाका. अडचण एकच. लॉक असताना रेशन दुकानातलं मशीन अंगठा घेत नाही आणि पेन्शनचा हयातीचा दाखलाही होत नाही. त्या वेळी अॅपमधून थोड्या वेळापुरतं उघडायचं, दहा मिनिटांनी ते आपोआप पुन्हा बंद होतं. म्हणून ज्याच्या फोनवर आधारचा ओटीपी येतो त्या माणसाने रेशनच्या दिवशी जवळ असावं.

प्रश्न : फोनचं नेटवर्क अचानक गेलं आणि रात्रभर आलं नाही. घाबरण्यासारखं आहे का? – वाचक, डोंबिवली

उत्तर : घरात त्याच कंपनीचं दुसरं सिम चालू असेल, तर हो. तुमच्या नावाने कोणी दुसरं सिम काढलं असू शकतं. सकाळची वाट न पाहता दुसऱ्या फोनवरून कंपनीला विचारा आणि बँकेला खातं थांबवायला सांगा. सिम बदलल्यावर पहिले 24 तास त्यावर मेसेज चालू होत नाहीत. तेवढी उसंत तुमच्या हातात असते. ‘संचार साथी’ पोर्टलवर तुमच्या नावावर किती क्रमांक चालू आहेत तेही पाहा. अनोळखी दिसेल तो तिथूनच ‘माझा नाही’ म्हणून कळवता येतो.

प्रश्न : माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. एका गिऱ्हाइकाने यूपीआयने 2,200 रुपये दिले आणि आठ दिवसांनी माझं सगळं खातंच गोठलं. बँक म्हणते, दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांचा आदेश आहे. – दुकानदार, इचलकरंजी

उत्तर : ते पैसे कोणाच्या तरी फसवणुकीतले असणार आणि साखळीत तुमचं खातं लागलं. बँकेकडून लेखी घ्या : तक्रारीचा पोच क्रमांक, कोणतं राज्य, कोणतं ठाणं, अधिकाऱ्याचा ईमेल आणि वादातली नेमकी रक्कम. ही माहिती हातात नसेल तर वकीलही काही करू शकत नाही.

मग त्या अधिकाऱ्याला ईमेल करा. दुरुस्तीचं बिल, त्या दिवसाचा खातेउतारा, दुकानाचा परवाना किंवा उद्यम नोंदणी जोडा. दुकानात कॅमेरा असेल तर चित्रण पुसलं जायच्या आत उतरवून ठेवा. बँकेला वेगळा अर्ज द्या, की होल्ड 2,200 रुपयांपुरताच ठेवून उरलेलं खातं मोकळं करावं. ही मागणी रास्त आहे आणि पुष्कळदा मान्य होते. नाही झाली तर उच्च न्यायालयात दाद मागता येते. अनेक उच्च न्यायालयांनी वादातल्या रकमेपुरताच होल्ड ठेवायला सांगितलं आहे. गोठलेलं खातं सोडवून देतो म्हणून फोन करणाऱ्या ‘एजंट’ला पैसे देऊ नका. ती दुसरी फसवणूक असते.

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीत शिकते. तिच्या सोशल सिक्युरिटी क्रमांकावर (अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक) कोणीतरी क्रेडिट कार्ड काढलं. तिथे काय करायचं? – पालक, पुणे

उत्तर : तिथे एक सोय फार चांगली आहे : क्रेडिट फ्रीझ. इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्हींकडे स्वतंत्रपणे फ्रीझ लावला की त्या नावावर नवं कर्ज किंवा कार्ड निघणं जवळजवळ बंद होतं. सप्टेंबर 2018 पासून ते फुकट आहे, आणि घर भाड्याने घेताना वगैरे तात्पुरतं काढताही येतं. त्यानंतर तिने ‘आयडेंटिटीथेफ्ट डॉट गव्ह’वर तक्रार नोंदवून अहवाल घ्यावा. बँका तो पुरावा म्हणून धरतात. कर विभागाकडून सहा अंकी ओळख-पिनही घ्यावा, नाहीतर तिच्या नावाने दुसराच कोणी कराचा परतावा उचलून नेईल.

डेबिट कार्डाच्या बाबतीत तिथला कायदा कडक आहे. कार्ड हरवल्याचं दोन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर भार 50 डॉलरपर्यंत, उशीर झाला तर 500 पर्यंत. खातेउतारा पाठवल्यापासून 60 दिवसांतही कळवलं नाही, तर त्यानंतर गेलेलं सगळंच तिचं. क्रेडिट कार्डावर कायद्याने 50 डॉलरच्या वर भार नाहीच. म्हणून ऑनलाइन खरेदी क्रेडिट कार्डानेच करावी.

प्रश्न : लोकलच्या गर्दीत खिशाजवळ मशीन आणून टॅपच्या कार्डावरून पैसे काढतात म्हणे. खरं आहे का? – वाचक, ठाणे

उत्तर : तंत्राने शक्य आहे, चोराच्या दृष्टीने मात्र गैरसोयीचं. पिनशिवाय एका वेळी 5,000 रुपयांपर्यंतच जातात आणि ज्या मशीनवर जातात ते कोणाच्या तरी नोंदलेल्या खात्याला जोडलेलं असतं. त्यासाठी धातूचं पाकीट विकत घ्यायची गरज नाही. बँकेच्या अॅपमध्ये कार्डाच्या पानावर टॅप, ऑनलाइन आणि परदेशी वापर अशी वेगवेगळी बटणं असतात. परदेशी आजच बंद करा. टॅप वापरत नसाल तर तेही बंद, वापरत असाल तर त्याची मर्यादा हजार-पाचशेवर आणा. एटीएमची रोजची मर्यादाही तिथेच कमी करता येते. ती तुम्हाला खरोखर लागते तेवढीच ठेवा.